आमदाराची निष्ठा कोणाशी?
आमदाराने प्रथम कोणाला बांधील असावे, मतदाराला, पक्षाला की स्वतःच्या विवेकाला? ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्क यांनी १७७४ मध्ये विवेकाच्या बाजूने कौल दिला. आमदार ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा घेतो, ती संविधानाशी निष्ठेची. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने पक्षादेशही बंधनकारक केला. ही ओढाताण मेहकर राखीव मतदारसंघात दिसते. तेथून संजय रायमूलकर २००९, २०१४ व २०१९ मध्ये शिवसेनेतर्फे निवडून आले. पक्षाच्या २०२२ च्या फुटीत ते एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले. जानेवारी २०२४ मध्ये विधानसभाध्यक्षांनी शिंदे व ठाकरे या दोन्ही गटांच्या आमदारांना पात्र ठरवले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत मात्र मेहकरमधून ठाकरे गटाचे सिद्धार्थ खरात विजयी झाले. विवेकाने घेतलेला निर्णयही मतदारांसमोर मांडावाच लागतो. अंतिम निवाडा त्यांचाच असतो.