पोत्याचा हिशेब आणि विहिरीचे पाणी

नोव्हेंबर 2023 मध्ये, ऐन रब्बीच्या तोंडावर, राज्यातल्या कृषी सेवा केंद्रांनी तीन दिवस कुलपे लावली. बोगस बियाणे, खते आणि कीटकनाशकांना आळा घालण्यासाठी त्या वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात सरकारने विधेयके मांडली होती. माल कंपनीचा, पोते सीलबंद, मग आत काय निघाले म्हणून तुरुंगात आम्ही का जायचे, असा विक्रेत्यांचा सवाल होता. पीक हातचे गेलेल्या माणसाला मात्र दार ठोठावायला गावातले दुकानच असते, कंपनीचे मुख्यालय नसते.

तेव्हापासून खताच्या कायद्यावर बोलणाऱ्यांच्या दोन फळ्या पडल्या आहेत. छत्रपती संभाजीनगरात शेतीवरचे कोणतेही चर्चासत्र असो, दोन्ही फळ्या हजर असतात. एक म्हणते, शेतकरी शहाणा आहे, सगळी बंधने उठवा. दुसरी म्हणते, माती मेली, पाणी नासले, बंधने आवळा. दोघांचा आवेश खरा आहे, पण आजची बंधने नेमकी कशावर आहेत हे कुणीच उलगडून पाहत नाही.

ती आहेत पोत्यावर. 1985 चा खत नियंत्रण आदेश जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली निघाला. पोत्यात घटक किती, त्यावर काय छापायचे, ते कोणी विकायचे, नमुना कसा काढायचा, हे सारे त्यात आहे. 2015 मध्ये नव्या विक्रेत्याला कृषी किंवा रसायनशास्त्राच्या शिक्षणाची अट आली. पुढे कमी मुदतीच्या अभ्यासक्रमाची सवलत मिळाली. 2018 पर्यंत देशभर पॉस मशीन पोहोचले आणि युरियाच्या गोणीसाठी अंगठा लागू लागला. तो अंगठा कशासाठी? कंपनीला अनुदान मिळते ते विक्रीची नोंद झाल्यावर, त्या नोंदीसाठी.

पाऊस पडून गेलेला असतो, कपाशी वीतभर झालेली असते आणि काउंटरवर एक बाई अंगठा पदराला पुसून पुन्हा पुन्हा काचेवर दाबत असते. खुरपणीने रेघा झिजल्या आहेत. मशीन ओळखत नाही. शेवटी मुलगा पुढे होतो. 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, पण सोबत नको असलेली एखादी बाटलीही गळ्यात पडते. या लिंकिंगला बंदी आहे, तरी प्रत्येक हंगामात त्याच्या तक्रारी येतात. मार्च 2023 मध्ये तर सांगलीत खत घेताना याच मशीनवर जात विचारली गेली आणि प्रकरण विधानसभेत गाजले. जात विचारणाऱ्या व्यवस्थेने हे खत कोणत्या पिकाला, किती एकरांना आणि त्या जमिनीत आधीच काय आहे, एवढे मात्र विचारले नाही.

इथवर पाहिले तर पहिल्या फळीचे म्हणणे पटते. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी आयुष्यभर जीवनावश्यक वस्तू कायद्याला शेतकऱ्याच्या गळ्यातला फास मानले. त्यांच्या ‘चतुरंग शेती’ या चार अंगांच्या कार्यक्रमातील ‘सीताशेती’ बाहेरून विकत आणाव्या लागणाऱ्या निविष्ठांशिवाय जमीन कसण्याची होती. बंधनमुक्ती मागणारा हा माणूस खतमुक्तीचाही विचार करत होता, हे त्यांचे आजचे अनुयायी क्वचितच सांगतात.

पण बंधने नसली की काय होते, हे पिकाला जोम येतो म्हणून विकल्या जाणाऱ्या जैव उत्तेजकांच्या बाजारात दिसले. ही उत्पादने फेब्रुवारी 2021 मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आली. त्याआधी त्यांच्यावर खताच्या कायद्याची नजरच नव्हती. सुमारे 30,000 उत्पादने तपासणीविना विकली जात होती, नंतरच्या चार वर्षांत ती 8,000 वर आली आणि कडक तपासणीनंतर साडेसहाशेच्या आसपास उरली, असे केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनीच 2025 मध्ये सांगितले. बाजार आपोआप खोटे गाळून टाकतो, या भरवशावर इतकी वर्षे गेली आणि त्या बाटल्यांचे पैसे भरले ते शेतकऱ्याने. फसवणुकीवरची नजर सैल करा, असे म्हणायला म्हणून जागा उरत नाही. सैल करायचे ते दुसरेच काही आहे, आणि ते कळण्यासाठी दुकानातून उठून विहिरीवर जायला हवे.

पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या वार्षिक गुणवत्ता अहवालाप्रमाणे देशातल्या 440 जिल्ह्यांत कुठे ना कुठे ही मर्यादा ओलांडलेली आहे आणि महाराष्ट्रात तपासलेल्या नमुन्यांपैकी जवळपास 36 टक्के तिच्यापलीकडे आहेत. सर्वाधिक ग्रासलेल्या जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, जळगाव यांच्या जोडीला मराठवाड्यातले बीड आणि नांदेड आहेत. हे पाणी दिसायला स्वच्छ असते, चवीला गोड लागते. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद त्याने कमी होते. आपली विहीर काळ्या पाषाणाच्या वरच्या कुजलेल्या, भेगाळ थरात खोदलेली असते. शेतात टाकलेले तिच्यात उतरायला फार खोल जावे लागत नाही. अर्थात दोष एकट्या युरियाचा नाही. विहिरीशेजारचा उकिरडा आणि संडासाचा शोषखड्डा हेही तितकेच जबाबदार असू शकतात.

युरियाचा वाटा मात्र धोरणाने वाढवला आहे. 1 एप्रिल 2010 पासून स्फुरद-पालाशाच्या खतांना घटकांनुसार अनुदान सुरू झाले आणि युरिया त्यातून बाहेर ठेवला गेला. डीएपीची गोणी 1350 रुपयांना, युरियाची त्याच्या पाचव्या हिश्शात. हातात मोजके पैसे असलेला माणूस काय उचलेल? ओल्या, चुनखडीयुक्त जमिनीवर युरिया फेकला की काही नत्र अमोनिया होऊन हवेत जाते, काही पुढच्या मोठ्या पावसात खाली उतरते. निम्म्याहून कमीच पिकाला लागू होते. शेतकऱ्याला अडाणी ठरवणाऱ्यांनी आधी ही किंमत ठरवणाऱ्यांना जाब विचारावा.

या सगळ्या चर्चेत ज्याचे नाव सर्वांत आधी यायला हवे, ते येतच नाही. जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. तो कर्जाचा, सावकारीचा, भटशाहीचा ग्रंथ म्हणून वाचला जातो. पण जमिनीच्या कसाचा आणि सरकारी नियमांचा संबंध इतक्या नेमकेपणाने मांडणारे पुस्तक मराठीत त्याआधी नव्हते आणि नंतरही फारसे झाले नाही. डोंगरावरचा पालापाचोळा, फुले, मेलेले किडे, जनावरांचे मलमूत्र हे सारे पावसाच्या पाण्याबरोबर उताराच्या शेतात येऊन मुरत असे, हे फुल्यांनी पाहिले होते. जंगल खात्याने गावांची गायराने ताब्यात घेतली, चराई अडवली. गुरे घटली तसे शेणही घटले. 1878 चा जंगल कायदा तेव्हा ताजा होता. कागदावर ते जंगलाचे रक्षण होते, शेताच्या बाजूने पाहिले तर खताची वाट बंद झाली होती. पर्यावरणाच्या नावाने केलेला नियम कसा गरिबाच्या शेतातले सत्त्व काढून घेतो, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून मांडले.

आणि तरीही फुल्यांनी सरकारला हात झटकायला सांगितले नाही. रिकाम्या बसलेल्या लष्करी आणि पोलिसी माणसांकडून उताराला बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पाणी मुरेल आणि कस वाहून जाणार नाही, अशी त्यांची मागणी होती. नदीनाल्यांतला आणि तलावांतला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीसारखा फुकट नेऊ द्यावा, गायराने गावांना परत करावीत, असेही त्यांनी सुचवले. म्हणजे कोणता नियम उठवायचा आणि कोणते काम सरकारने अंगावर घ्यायचे, ही विभागणी त्यांच्याकडे पक्की होती. आजच्या दोन्ही फळ्यांकडे नेमकी तीच नाही. गाळ शेतात नेण्याची त्यांची सूचना ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेच्या रूपाने यायला 2017 उजाडले. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातल्या नदीकाठच्या जमिनी खरडून गेल्या. कित्येक वर्षांच्या शेणखताने कमावलेला थर एका रात्रीत गेला. तो युरियाच्या गोण्यांनी भरून येत नाही.

फुल्यांच्या काळातली एक वाट अजून चालू आहे. उन्हाळ्यात मोकळ्या रानात धनगराचा कळप बसवतात. रात्रींचा हिशेब ठरतो, धान्यात किंवा रोखीत. सकाळी वाघूर, म्हणजे कळपाभोवतीची जाळी, उठली की लेंडी आणि मूत वाळून वाया जायच्या आत शेतकरी नांगर किंवा वखर घालतो. या खताला अनुदान नाही, पावती नाही आणि कळप जिथून येतो त्या कुरणांवर अजूनही जंगल खात्याची बंदी आड येते.

बाहेर नजर टाकली तर दोन टोके दिसतात. श्रीलंकेने 2021 मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी घातली आणि शेती कोलमडल्यावर त्याच वर्षी ती मागे घेतली. दुसरे उदाहरण नेदरलँड्सचे. तिथे 1998 मध्ये ‘मिनास’ नावाची पद्धत आली. शेतावर नत्र-स्फुरद किती आले, दूध-मांस-पिकातून किती गेले, याची वजाबाकी शेतकऱ्याने मांडायची आणि शिल्लक ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त राहिली तर आकार भरायचा. खत कसे, कधी वापरायचे हे शेतकऱ्यावर सोडलेले होते. 2003 मध्ये युरोपीय न्यायालयाने ही पद्धत नायट्रेटच्या युरोपीय कायद्यात बसत नाही असे ठरवले आणि 2006 पासून हेक्टरी वापराच्या मर्यादा आल्या. पुढे नत्राच्या परवान्यांची व्यवस्था 2019 मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने रद्द केली आणि ट्रॅक्टर हेगच्या रस्त्यांवर उतरले. मिनासमध्ये पळवाटा होत्या, हे खरे. पण तिचा हिशेब शेतावर येणाऱ्या-जाणाऱ्या घटकांचा होता. आपल्याकडे तो अजून दुकानाच्या काउंटरपुढे गेलेला नाही.

तो मांडायला शेतकऱ्याकडून एकही नवा फॉर्म भरून घ्यायची गरज नाही. गोण्या किती गेल्या हे पॉस मशीनला माहीत आहे, पीक कोणते हे 2021 पासून ई-पीक पाहणीत आहे, जमीन किती हे शेतकरी ओळखपत्रात आहे, मातीत काय आहे हे 2015 साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत आहे. या वह्या एकमेकींना भेटत नाहीत, म्हणून शेतकऱ्याला प्रत्येक ठिकाणी नव्याने अंगठा द्यावा लागतो. त्या जोडाव्यात, पण एका अटीवर: त्यातून सल्ला आणि बक्षीस मिळावे, गोणी नाकारली जाऊ नये. सांगलीचा अनुभव ताजा असताना ही अट कायद्यात लिहूनच घ्यायला हवी.

सवलत द्यायची ती गावच्या खताला. 2006 पासून सेंद्रिय खतेही खत नियंत्रण आदेशाखाली आहेत. गावातल्या बचत गटाने शेण आणि पाचटापासून केलेले गांडूळखत गोणीत भरून विकायचे तर तपासणी आणि कागदपत्रे कारखान्याच्या धर्तीवर लागतात. शहरी कचऱ्याचे खत ही मात्र वेगळी गोष्ट. नारेगावच्या डेपोवर अनेक दशके छत्रपती संभाजीनगरचा कचरा पडत राहिला आणि आसपासच्या विहिरी नासल्या. फेब्रुवारी 2018 मध्ये गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, मार्चमध्ये त्याच कचऱ्यावरून मिटमिट्यात दगडफेक झाली आणि उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने नारेगावचा मार्ग कायमचा बंद केला. त्या कचऱ्यात बॅटऱ्या, रंग, कारखान्यांतले अवशेष मिसळलेले असतात. त्याच्या खतात किलोमागे कॅडमियम 5 मिलिग्रॅम आणि शिसे 100 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, ही अट एक कणही सैल होता कामा नये. शेणाच्या खड्ड्याला आणि शहराच्या कचऱ्याला एकाच मापाने तोलणारा नियम शेणावर अन्याय करतो आणि कचऱ्यावर पुरेशी नजर ठेवत नाही.

वाचलेला पैसाही गावाकडे वळायला हवा. जून 2023 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-प्रणाम योजनेत रासायनिक खताचा वापर घटवून वाचलेल्या अनुदानाचा अर्धा भाग राज्याला द्यायचे ठरले. त्यातला ठोस हिस्सा ज्या गावांच्या विहिरींचे पाणी सुधारले त्या ग्रामपंचायतींच्या खात्यात जावा. सुधारले हे ठरवायचे साधनही हाताशी आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण द्यायचे आहे आणि त्यांच्या संचात नायट्रेटची चाचणी आहे. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, वर्षातून दोनदा घेतलेल्या त्या नोंदी सहायक कृषी अधिकाऱ्याच्या वहीत आल्या तरी सुरुवात होईल.

एक आक्षेप खरा आहे. वरच्या गावाने टाकलेले नत्र खालच्या गावाच्या विहिरीत येते, मग खालच्याला दोष का? म्हणून बक्षिसाचे एकक गाव न धरता पाणलोट धरावे लागेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्याची दीड हजारांवर पाणलोटांत विभागणी फार पूर्वीच करून ठेवली आहे. तिच्या निरीक्षण विहिरी आजही मोजल्या जातात. फक्त ते आकडे अनुदानाचा निर्णय घेणाऱ्या टेबलावर कधी ठेवले जात नाहीत.