हिशेबाबाहेरचा माल

चीनमधल्या ह्वाय नदीजवळच्या कालव्यात पाण्याची पातळी जिथे बदले, तिथे दहाव्या शतकापर्यंत उतरत्या बाजूंचे बंधारे असत. सरकारी धान्याने भरलेली नाव दोरांनी ओढून बंधाऱ्यावर चढवायची आणि पलीकडे घसरवायची. जड नावांचे तळ फुटत, धान्य सांडे. त्यातून जे वाचे, त्यावर ओढणारी माणसे आसपास दबा धरून बसलेल्या लुटारूंशी संगनमत करून हात मारत. इ.स. 984 मध्ये छ्याव वेइयुए या सोंग राजघराण्याच्या अधिकाऱ्याने यावर उपाय काढला. बंधाऱ्याच्या जागी त्याने पन्नास पावलांच्या अंतराने वर-खाली होणारे दोन दरवाजे बसवले. नाव मध्ये घ्यायची, मागचा दरवाजा पाडायचा, पाणी पुढच्या पातळीला आले की पुढचा उचलायचा. पनामा कालव्यात आजही जहाजे याच तत्त्वावर चढतात. व्यापाराला चालना मिळावी असा विचार या शोधामागे नव्हता. सरकारी धान्य फुटू नये आणि चोरीला जाऊ नये, एवढीच त्याची प्रेरणा होती.

चीनच्या महाकालव्याबद्दल वाचताना हे सतत आठवत राहते. जलमार्ग आला, व्यापार वाढला, देश श्रीमंत झाला, अशी सरळ रेघ ओढायचा मोह इतिहासकारांना होतो. पण हा कालवा मुळात साऱ्याचे धान्य वाहून नेण्यासाठी होता. स्वेइ घराण्याच्या यांग सम्राटाने 605 ते 610 या काळात लाखो लोकांना वेठीला धरून हांगचौपासून उत्तरेपर्यंत कालव्यांची साखळी जोडली. 618 मध्ये त्याचे घराणे बुडाले आणि कालव्याचे फळ तांग व सोंग राजांनी खाल्ले. सोंगांच्या काइफेंग राजधानीत वर्षाला साठ लाख शी धान्य दक्षिणेतून येई. (शी हे धान्याचे माप, पुढे मिंग काळात ते साधारण 100 लिटरचे होते.) एवढे धान्य उत्तरेला जाई ते विकायला नाही, तर दरबार आणि फौज पोसायला. याला व्यापार कसे म्हणायचे?

तरीही काठावरची गावे वाढली, बाजार भरले. ते कसे घडले याचा धागा मला ल्यू येन या तांग मंत्र्याच्या कारभारात सापडतो. 755 ते 763 च्या आन लुशान बंडाने उत्तर चीन उद्ध्वस्त झाला होता आणि राजधानीची मदार दक्षिणेच्या धान्यावर आली होती. ल्यू येनने वेठ बंद करून मजुरी दिली, आणि त्यासाठी मिठाच्या मक्त्याचा पैसा वापरला. प्रत्येक नदीची नाव वेगळी ठेवून वाटेत कोठारे बांधली. यांगचौला त्याने नावा बांधण्याचे दहा कारखाने काढले आणि एका नावेला हजार माळा नाणी मोजली. निम्म्यात काम होते, अशी कुरबुर झाली तेव्हा त्याचे म्हणणे असे की कारागिरांच्या घरच्या गरजा आधी भागल्या तरच सरकारी नाव पक्की होईल. पुढे कुणीतरी ही रक्कम कापणार, हेही तो सांगून गेला. झाले तसेच. रक्कम कापत कापत खर्चाच्या काट्यावर आणली, नावा कुचकामी झाल्या आणि धान्याची वाहतूक ढासळली. काटकसरीच्या नावाने कामाचा गळा घोटणारे अधिकारी काही एकट्या तांग दरबारात नव्हते म्हणा.

राबणाऱ्यांच्या गरजा आधी भागवायच्या, हे ल्यू येनचे शहाणपण पुढे मिंगांनी नाइलाजाने पत्करले. 1411 मध्ये सोंग ली या मंत्र्याने बाय यिंग नावाच्या गावकऱ्याच्या सल्ल्याने शांतुंगमधल्या नानवांग या कालव्याच्या सर्वांत उंच ठिकाणी वन नदीचे पाणी वळवले आणि ते उत्तर-दक्षिण असे वाटून दिले. 1415 मध्ये समुद्रमार्गाची धान्यवाहतूक बंद झाली. मग वर्षाला चाळीस लाख शी धान्य, एक लाखाहून अधिक सैनिक नावांवर. त्यांचा पगार तुटपुंजा. म्हणून त्यांना नावेत थोडा स्वतःचा माल बिनजकातीने न्यायची मुभा मिळाली. मिंगांच्या उत्तरकाळात दर नावेला 60 शी, छिंग घराण्याच्या काळात शंभराच्या वर. जाताना कापड, कागद, बांबूचे सामान. येताना उत्तरेचा कापूस, बोरे, कडधान्ये. लिनछिंगसारखे गाव या रहदारीवर मोठी बाजारपेठ झाले. दरबाराचा हिशेब सरकारी पोत्यांचा. माझ्या मते काठावर भरभराट आली ती शेजारी ठेवलेल्या खासगी गाठोड्यांतून.

याची किंमतही कुणीतरी मोजली. शांतुंगमधले झरे कालव्यासाठी राखीव होते. धान्याच्या नावा अडकू नयेत म्हणून कोरड्या वर्षी शेतकऱ्याला शेजारून वाहणारे पाणी पिकाला घेता येत नसे.

खरी श्रीमंती तर दुसऱ्याच पाण्यावर आली. यांगत्सेवरून हूनान, हूपेइ आणि सछ्वानचा तांदूळ सूचौला उतरे, म्हणून त्या परिसरातला शेतकरी भात सोडून कापूस आणि तुती लावू शके. 1684 मध्ये समुद्री व्यापारावरची बंदी उठल्यावर मांचुरियाची सोयाबीनची पेंड शांघायला येऊ लागली आणि कापसाच्या शेतात खत म्हणून पडू लागली. यासाठी ना सम्राटाने कालवा खणला, ना सैनिक राबवले. अॅडम स्मिथने 1776 मध्ये चीनच्या समृद्धीचे श्रेय अंतर्गत जलमार्गांना दिले, ते याच जाळ्याला शोभते. मग उद्योगक्रांती तिथे का नाही? इतिहासकार केनेथ पोमरांझने 2000 सालच्या पुस्तकात एक कारण दाखवले: कोळसा शान्सीच्या डोंगरांत, कारागीर यांगत्सेच्या मुखाशी, आणि मधे सोयीचा जलमार्ग नाही. मला हे पटते, पण अर्धेच. जलमार्ग नव्हता, हा भूगोल. पण जिथे होता तिथेही दरबाराला त्यावर मुख्यतः आपलेच धान्य दिसत होते.

1826 ची गोष्ट याला पुरावा आहे. 1824 मध्ये होंगत्से सरोवराचा बांध फुटून कालवा बंद पडला होता. नाइलाजाने शांघायच्या खासगी गलबतांतून सोळा लाख शींच्या आसपास धान्य समुद्रमार्गे त्येनचिनला पाठवले, आणि ते नीट पोचले. पुढच्याच वर्षी कालवा पुन्हा सुरू केला. कालव्याच्या कचेऱ्या, नावाडी, ओढणारे, नाक्यांवरचे कारकून, एवढ्या लोकांची पोटे त्यावर होती की स्वस्त मार्ग हीच अडचण ठरली. अखेर 1855 मध्ये पीत नदीने पात्र बदलून कालवा तोडला. बेकार नावाड्यांची नावे नंतर बंडखोर आणि गुन्हेगारी टोळ्यांत दिसतात. 1872 मध्ये ली होंगचांग या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने वाफेच्या जहाजांची चिनी कंपनी निघाली. विदेशी कंपन्यांशी टक्कर देता यावी म्हणून तिला एक हमखास काम मिळाले: उत्तरेकडे जाणारे सरकारी धान्य.