गेलेल्या मित्राची हत्यारे

इजिप्तमधल्या देर अल-मदिना या कारागिरांच्या वस्तीत खा नावाचा एक मुकादम होता. इसवी सनापूर्वी १४००च्या सुमारास तो वारला आणि त्याच्या कामाच्या वस्तू त्याच्याबरोबरच थडग्यात गेल्या. १९०६ मध्ये स्कियापारेल्ली या इटालियन संशोधकाला ते थडगे चोरांचा हात न लागलेले सापडले. आत दुमडून ठेवायची लाकडी मोजपट्टी होती, तीही कातड्याच्या पिशवीसकट. मेल्यावरही कारागिराला त्याचीच हत्यारे लागणार, ही समजूत. मागे राहिलेल्या कोणी ती वापरावीत, हा विचार तिथे दिसत नाही.

गेलेल्याच्या हत्यारांचे काय करायचे, हा प्रश्न आपल्या बलुतेदारीने दुसऱ्याच टोकाने सोडवला. सुताराचा वाकस, करवत, पटाशी मुलाकडे जाई, कारण गावचे कामच मुलाकडे जाई. खंडेनवमीला हत्यारे धुवायची, हळदकुंकू लावायचे, पूजा झाली की पुन्हा कामाला घ्यायची; त्यातच बापाची आठवणही होई. जिवाभावाच्या मित्राला मात्र या वाटणीत जागा नव्हती.

ती जागा झाली कारखान्यांत, जिथे शेजारच्या बाकावरचा माणूस नात्याचा असेलच असे नव्हते. ब्रिटनमधले अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले लाकडी रंधे हातात घेऊन पाहावेत. पुढच्या टोकाला बनवणाऱ्याचा छाप असतो आणि आसपास मालकांची नावे ठोकलेली, कधी दोन, कधी तीन-चार. आडनावे पुष्कळदा निरनिराळी. नव्या मालकाने आपले नाव घातले, पण जुने बहुधा तसेच राहू दिले. पाते मात्र राहत नाही. लोखंडाच्या टोकाला पोलादाची पातळ पट्टी जोडलेली असते. पाजवता पाजवता ती संपली की पाते बदलायचे. त्या माणसांविषयी पुष्कळदा दुसरी कसलीही खूण हाती नसते. नाव टिकले ते रंधा चालत राहिला म्हणून.

इथे हेन्री स्टडलीची पेटी आडवी येते.

स्टडली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी गावचा पियानो कारागीर. भिंतीवर टांगायच्या एका पेटीत त्याने सुमारे ३०० हत्यारे बसवली. मिटल्यावर ती प्रवासी बॅगेएवढी दिसते. उघडली की फळ्यांमागून आणखी फळ्या बाहेर येतात. महोगनी, शिसवी, आबनूस, शिंपले, हस्तिदंत. प्रत्येक हत्याराची खाच इतकी नेमकी की ते जागेवर बसताना बारीक 'टक्' ऐकू येते. १९२५ मध्ये स्टडली वारला. त्याआधीच त्याने पेटी एका मित्राला देऊन टाकली होती. ती मित्राच्या घराण्यात राहिली आणि नातवाने पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला प्रदर्शनासाठी उसनी दिली. पेटी जवळजवळ जशीच्या तशी उरली, कारण तिला कोणी रोजच्या कामाला जुंपले नाही.

मग मैत्रीला कोण जागले, वापरणारा की जपणारा? हत्यारे हातात फिरली पाहिजेत, असेच कोणत्याही कारागिराचे मन सांगेल आणि ते बरोबरच आहे. न वापरलेल्या पटाशीला गंज चढतो. तरी स्टडलीच्या मित्राला बोल लावता येत नाही. तिथे स्टडलीचे खरे काम होते ती मांडणी. तीनशे हत्यारे तीनशे हातांत गेली असती, तर पटाश्या उरल्या असत्या, स्टडली उरला नसता. साध्या रंध्याचे तसे नाही. त्याच्या मालकाची कारागिरी त्याने बनवलेल्या खुर्च्यांत आणि दारांत गेली, रंध्यात नाही. म्हणून मित्राच्या वर्कशॉपचे कुलूप उघडणाऱ्याने आधी पाहावे ते हे, की गेलेल्याने स्वतः काय घडवले होते. त्याने हाताने केलेला ठोकळा, साचा, मोजपट्टी यांना हात लावताना दहादा विचार करावा. बाजारातून आणलेली करवत धार लावून खुशाल चालवावी.

आणि घेणारा सुतारच नसेल तर? १९८०च्या आसपास इंग्लंडमध्ये 'टूल्स फॉर सेल्फ रिलायन्स' ही संस्था उभी राहिली. तिथले स्वयंसेवक दान आलेली जुनी हत्यारे घासून, धार लावून, मुठी बदलून आफ्रिकेतल्या कारागिरांकडे पाठवू लागले. गेलेल्या माणसाचे कपाट रिकामे करताना घरच्यांना अशी वाट मिळाली, की हत्यारे ओळखीच्या कोणाकडे न जाताही कामात राहतील.