पाठीवरचा वारा

पहाटे डहाणूच्या पारनाक्यावर सायकल उभी करा, पण लगेच निघू नका. माघाचा महिना आहे, हँडल हाताला गार लागतं. समोर समुद्र असायला हवा, पण ओहोटी असेल तर तो दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. मुंबईहून उत्तरेला, खंभातच्या आखाताकडे जावं तसा भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो. त्यामुळे इथलं पाणी मागे सरतं ते फार लांब जातं आणि मागे उरतं ओलं, काळसर मैदान. एक पाय जमिनीवर, एक पायडलवर ठेवून त्या मैदानाकडे पाहत राहा. समुद्र गेलेला नाही, लांब आहे. तो परत यायचा आहे, आपल्याला घाई नाही.

इथून बोर्डी सतरा किलोमीटर. वाटेत आगर, नरपड, चिखले, घोलवड. डाव्या हाताला सुरूची झाडं आणि त्यांच्यामागे पाणी, उजव्या हाताला वाड्या. रस्ता सपाट आहे, अगदी ताटासारखा. घाटात सायकल मारणाऱ्या माणसाला असा रस्ता सोपा वाटतो. मलाही वाटला होता. पण घाटात चढ संपला की उतार लागतो, उतारावर पाय थांबतात, फ्रीव्हीलची टकटक ऐकत विसावा मिळतो. सपाट रस्त्यावर तो विसावा नाही. पाय फिरत राहिले तरच चाक फिरतं. आणि चढाला दोष देण्याची सोयही नाही. दमलात, तर कशाने दमलात हे नीट पाहावं लागतं. मी इथे पुन्हा पुन्हा येतो ते त्यासाठीच.

आता निघा. हलका गिअर, खांदे सैल, हँडलवरची मूठ अंडं धरावं इतकीच घट्ट. लक्ष श्वासाकडे असू द्या, डोळे रस्त्यावर. उजव्या गालाला गार झुळूक लागते आहे. तिच्यात वाड्यांमधल्या ओल्या पाचोळ्याचा वास आहे, कुठेतरी पेटवलेल्या चुलीचा धूर आहे. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि जमिनीवरची गार हवा पाण्याकडे सरकते. शाळेत आपण याला मतलई वारे म्हणायला शिकलो. परीक्षेपुरता पाठ केलेला तो शब्द इथे गालाला लागतो. लागू द्या. काही वेळ फक्त उजवा गाल आणि डावा गाल यांतला फरक तपासत चला.

नरपड आलं की थोडा वेग वाढवा. कानांत घोंघावणं सुरू होईल, छातीवर दाब येईल, डोळ्यांना पाणी येईल. वारा वाढला का? सुरूंच्या शेंड्यांकडे बघा. सुरूची पानं सुईसारखी बारीक, जराशा वाऱ्यानेही सूं करणारी. ती जवळजवळ गप्प आहेत. म्हणजे समोरून येणारा हा वारा कुणी पाठवलेला नाही, तो तुमच्या वेगाने उठवला आहे. सपाट रस्त्यावर वेग वाढला की पायांची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. हवा संथ असताना वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो आणि वेग निम्मा केला तर तो चौथाईवर येतो. भौतिकशास्त्राचा साधा नियम आहे. पण पायडल मारता मारता तो तपासून पाहा. वेग हळूहळू उतरवा. कान शांत होतात. सुरूंचा आवाज पुन्हा ऐकू येतो.

इथे थोडं रेंगाळू या. गेल्या आठवड्यातला एखादा थकवा आठवा, मोठा नको, साधाच. त्यातला किती समोरून आला होता आणि किती आपल्याच धावण्याने उठला होता? लगेच उत्तर देऊ नका. पुढच्या वळणापर्यंत प्रश्न तसाच सोबत चालू द्या.

माझ्या थकव्यांचा हिशेब केला तेव्हा बराच भाग माझ्याच वेगाचा निघाला. सगळा नव्हे. खरा वारा समोरून वाहतो तेव्हा तो खराच असतो. ज्याच्या वाट्याला तो आला आहे त्याला ‘जरा सावकाश घे’ असं सांगणं हा अन्याय आहे. किनाऱ्यावर मांगेला समाजातल्या मच्छीमार बाया बांबूंना बांधलेल्या दोरांवर बोंबील टांगताना दिसतील. तोंडात तोंड अडकवलेल्या बोंबलांच्या जोड्या, रांगेमागून रांग. त्यांचं काम उन्हावर आणि वाऱ्यावर चालतं, आणि अवेळी पाऊस आला तर सगळा माल जातो. त्या धावतात ती हौस नव्हे. त्यांच्याजवळून जाताना वेग आणखी कमी करा. सुकत्या मासळीच्या वासाला नाक मुरडू नका, तो कुणाच्या तरी घरखर्चाचा वास आहे.

चिखल्याच्या पुढे डावीकडे पाणी मोकळं दिसतं. क्षितिजाकडे पाहा. सपाट किनाऱ्यावर उभ्या माणसाला क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर असतं. अथांग म्हणतो तो समुद्र आपल्याला दिसतो तो एवढाच. पण त्याच्या बाजूने कितीही किलोमीटर सायकल मारली तरी ती रेघ तेवढीच दूर राहते. मला यात निराशा दिसत नाही. कुठेतरी पोहोचायचं आहे हा पायांमधला हट्ट त्या रेघेकडे पाहताना सुटतो.

घोलवडला चिकूच्या वाड्या रस्त्याला लागून येतात. गर्द, बुटकी, सावलीने भरलेली झाडं. या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चिकू मूळचा मध्य अमेरिकेतला आणि सुरू ऑस्ट्रेलियाकडचा, पण या दोघांवाचून हा किनारा आज डोळ्यांपुढे आणता येत नाही. चिकू झाडावर पिकत नाही. तो उतरवायचा आणि मग काही दिवस थांबायचं. आपणही बोर्डीला पोहोचून तेच करणार आहोत.

बोर्डीच्या किनाऱ्यावर सायकल सुरूला टेकवा. चहा घ्या, काही खा, आणि बसा. तास गेला, दोन तास गेले तरी चालेल. सकाळ चढत जाते तसा मतलई वारा मंदावतो, आणि एक वेळ अशी येते की कोणताच वारा नसतो. जमीन आणि समुद्र यांचं तापमान सारखं होत आलेलं असतं. सुरू पूर्ण गप्प. या वेळेला काही करायचं नाही. श्वास आत येतो, बाहेर जातो, तेवढीच हवा हलते आहे.

या शांततेत या गावाची एक गोष्ट मनात येऊ द्या. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी इथे, बोर्डीत, ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गरिबाघरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. १९५७ मध्ये काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळा निघाली. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज गावोगावी मूल अंगणवाडीत जातं तेव्हा बोर्डीचं नाव कुणाच्या ओठांवर नसतं.

आता उठा. ऊन तापलं आहे. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारे वारे येतात, या किनाऱ्यावर बहुधा वायव्येकडून. आपण दक्षिणेला निघालो आहोत. वारा पाठीशी आहे.

लक्ष देऊन पाहा, तो जाणवतो का? कान शांत आहेत. गालांना काही लागत नाही. सायकल मात्र आपसूक पळते आहे आणि मन म्हणतं, आज पाय किती छान चालताहेत! मी कितीतरी वेळा या समजुतीत घोलवड ओलांडलं आहे. मग एकदा चिखल्याला पाणी प्यायला थांबलो, आणि थांबताक्षणी सदरा पाठीला चिकटला. वारा सबंध वाट ढकलत होता. समोरचा वारा क्षणोक्षणी आपली ओळख देतो. पाठीवरचा वारा थांबल्याशिवाय कळत नाही.

तुम्हीही थांबा. एक पाय जमिनीवर. पाठीला वारा लागू द्या, आणि ज्यांनी तुम्हाला कळू न देता ढकललं अशी माणसं आठवा. फी भरलेली मावशी. चूक पदरात घेतलेले वरिष्ठ. रात्री उठून डबा करणारी आई. ज्यांची नावंही ठाऊक नाहीत असे कितीतरी. एकेक चेहरा येऊ द्या. आठवत नसेल तर ओढून आणू नका, वारा आहे तोवर उभे राहा.

मग सावकाश चला. दक्षिणेला डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राची २७५ मीटर उंच चिमणी दिसू लागेल. सपाट मुलखात ती जवळ वाटते आणि बराच वेळ जवळ येत नाही. तिच्याही पलीकडच्या बाजूला वाढवण आहे. तिथल्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली, आणि या किनाऱ्यावरचे मच्छीमार त्याला वर्षानुवर्षं विरोध करत आले आहेत. सकाळी पाहिलेल्या बायांचे दोर मनात ठेवूनच त्या दिशेला पाहा.

पारनाक्याला याल तेव्हा भरती असेल तर सकाळचं काळं मैदान पाण्याखाली असेल. घरी गेलात की आंघोळीआधी सायकल गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, कोरडी करा आणि चेनला दोन थेंब तेल द्या. खारा वारा लोखंडावर रात्रीतच गंज धरवतो.