दामाजीची पावती



गेल्या आषाढीला वाखरीच्या तळावर पावसाने गाठले. राहुटीत पाणी शिरू नये म्हणून पोरे भोवताली चर खणीत होती आणि आम्ही रात्रीच्या निरूपणाची जुळवाजुळव करीत बसलो होतो. इतक्यात दिंडीतली एक माउली आली. मंगळवेढ्याकडची. पायावर डोके ठेवले, उठली, पण गेली नाही. आम्ही म्हटले, "माउली, बोला." तिने पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढली. तीत आधारकार्ड होते, कोर्टाचा एक कागद होता आणि चौपदरी घडी घातलेली एक चिठी होती.

"म्हाराज, पोराला नर्सिंगला घालायचंय. फारमात इचारलंय, आदी काय गुन्हा झालाय का म्हनून. काय लिव्हावं?"

हकीकत अशी. २०१९ साली पोरगा एकोणीस वर्षांचा. दोन सोबत्यांच्या नादाने रात्री एका शेतकऱ्याच्या विहिरीवरची पाण्याची मोटार काढली, फोडली, आतली तांब्याची तार भंगारात विकली. तिसऱ्या दिवशी तिघेही सापडले. कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. पहिलाच अपराध आणि कोवळे वय पाहून न्यायाधीशांनी तुरुंगात न धाडता दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले, आणि शेतकऱ्याची भरपाई करण्याचा हुकूम दिला. पोरगा दोन हंगाम ऊसतोडीला गेला. पैसे फेडले. ती चौपदरी चिठी म्हणजे त्या शेतकऱ्याने लिहून दिलेली पावती.

पुढे त्याच्या आजोबांना अर्धांगवायू झाला. दीड वर्ष म्हातारा अंथरुणाला खिळून होता. त्याचे हागणेमुतणे, आंघोळ, दर दोन तासांनी कूस बदलणे, सारे ह्या पोराने केले. माउली म्हणाली, "पाठीला एक जखम व्हऊ दिली न्हाई, म्हाराज." ज्यांच्या घरी असा रोगी पडून आहे त्यांना ह्या एका वाक्याचे मोल कळेल. म्हातारा गेला आणि पोरगा म्हणू लागला, मला हेच शिकायचे आहे.

तालुक्याच्या गावी फॉर्म भरून देणारा एक इसम त्याला म्हणाला, "नाही म्हणून लिही. कोण बघतंय?"

आता आमची चूक आम्हीच सांगतो. आम्हीही तेच म्हणालो. म्हणालो, "माउली, फेडले ना? मग विठोबाच्या दरबारात खाते मिटले. 'नाही' लिहिले तर काय बिघडले?" दयेच्या भरात माणूस किती सहज खोटे बोलायला शिकवतो पाहा! आणि तेही गळ्यात तुळशीची माळ असताना.

राहुटीच्या दुसऱ्या टोकाला आमच्या दिंडीतल्या एक बाई पायाचे फोड बांधीत बसल्या होत्या. सरकारी रुग्णालयात तीसएक वर्षे परिचारिका होत्या, आता निवृत्त आहेत. सारे त्यांना सिस्टर म्हणतात. त्या तिथूनच म्हणाल्या, "महाराज, तुम्ही त्याला नर्स होण्याआधीच नापास केलंत."

मग त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. नोकरीचे दुसरे वर्ष, रात्रपाळी. एका खाटेवरच्या रोग्याचे इन्शुलिन त्यांच्या हातून शेजारच्या खाटेवरच्या रोग्याला टोचले गेले. सुई काढताच ध्यानात आले. वॉर्डात दुसरे कोणी नव्हते. ज्याला टोचले तो झोपेत होता. तासाभरात त्याला दरदरून घाम सुटला असता, शुद्ध गेली असती, कदाचित जीवही. आणि सकाळी कोणी म्हणाले असते, बिचाऱ्याचे दिवस भरले होते. सिस्टर धावत गेल्या, डॉक्टरांना उठवले आणि म्हणाल्या, "माझ्या हातून चूक झाली." लागलीच शिरेतून ग्लुकोज चढवले, रोगी वाचला. सिस्टरना मेमो मिळाला. "तो मेमो माझ्या नोकरीच्या पुस्तकात शेवटपर्यंत होता," त्या म्हणाल्या. "पण तो माणूस घरी गेला."

आणि मग आमच्याकडे न बघता, पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "केसपेपरवर जे लिहितो त्यावर पुढच्या पाळीची बाई औषध देते. दिले असेल तर दिले, चुकले असेल तर चुकले. ह्या धंद्यात दुसरे आहे काय? ज्या पोराला पहिल्याच कागदावर खोटे लिहायला शिकवाल, तो रात्री तीन वाजता काय लिहील?"

आम्ही गप्प झालो. बाहेर कुणाची तरी भूपाळी लागेपर्यंत आम्हाला झोप आली नाही.

वाचकहो, मंगळवेढ्याची ती माउली, आणि मंगळवेढ्याचेच दामाजीपंत. महिपतींच्या भक्तविजयातली ती कथा तुम्हां सर्वांना तोंडपाठ आहे. दुष्काळ पडला, पंतांनी बादशहाची कोठारे भुकेल्यांना खुली केली, बेदरला तक्रार गेली, शिपाई आले. मग विठोबा महाराचे रूप घेऊन दरबारात गेला आणि धान्याची किंमत त्याने मोजून दिली. ही कथा आम्ही किती वेळा सांगितली असेल! पण तिच्यातली एक बारीक गोष्ट त्या रात्रीपर्यंत आमच्या ध्यानात नव्हती. देवाने बादशहाच्या वह्या जाळल्या नाहीत. कारकुनाची बुद्धी फिरवून ती नोंद पुसून टाकली नाही. जो ब्रह्मांडाचा मालक त्याला ते अवघड होते काय? त्याने पैसे भरले आणि पावती घेतली. आणि ती पावती दामाजीपंतांना गीतेच्या पोथीत सापडली. नोंद राहिली आणि तिच्याखाली भरणाही राहिला.

(कोणी म्हणेल, बुवा, दामाजींनी दुसऱ्यांसाठी कोठार उघडले, ह्या पोराने स्वतःच्या चैनीसाठी मोटार फोडली, तुलना कशी करता? बरोबर आहे. तुलना अपराधाची नाही, पावतीची आहे.)

वाल्या कोळ्याचेही तसेच. वाल्याचा वाल्मीकी झाला म्हणतो, पण वाल्या पुसला गेला असता तर ही गोष्ट आपल्याला कळली असती काय? रांजण खड्यांनी भरले होते हे पिढ्यान्‌पिढ्या लोकांना ठाऊक राहिले, म्हणूनच वारुळाची थोरवी.

आमच्या दिंडीत एक वकीलसाहेब टाळ धरतात. दुसऱ्या दिवशी वाटेत त्यांना विचारले. त्यांनी सांगितले ते थोडे विस्ताराने देतो, कारण अशी घरे वारीत पुष्कळ आहेत आणि लाजेने कोणी विचारीत नाही.

पहिली गोष्ट, फॉर्मातला प्रश्न नीट वाचावा. गुन्हा नोंदला गेला आहे का, अटक झाली होती का, खटला चालू आहे का, शिक्षा झाली का, हे चार निरनिराळे प्रश्न आहेत. जो निर्दोष सुटला त्याला 'शिक्षा झाली का' ह्याला 'नाही' म्हणता येते, पण 'कधी अटक झाली होती का' ह्याला येत नाही. विचारले असेल तेवढ्याचेच उत्तर द्यावे, पण ते पुरे द्यावे.

दुसरी, १९५८ चा परिवीक्षा अधिनियम. ज्याला न्यायालयाने ह्या कायद्याखाली हमीवर सोडले, त्याला त्या दोषसिद्धीमुळे लागणारी कायदेशीर अपात्रता त्याच्या १२ व्या कलमाने लागत नाही. पण अपात्रता लागत नाही म्हणजे गुन्हा झालाच नाही असे नव्हे. पोलीस ठाण्यात नोंद असते, चारित्र्य पडताळणीत ती निघते. तेव्हा दोषी ठरल्याचा प्रश्न असेल तर 'होय' लिहावे आणि निकालाची सही-शिक्क्याची नक्कल जोडावी.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची, आणि ती आयाबहिणींनी ऐकावी. गुन्हा घडला तेव्हा मूल अठरा वर्षांच्या आत असेल तर कायदाच वेगळा. २०१५ चा बाल न्याय अधिनियम म्हणतो की अशा मुलाला त्या प्रकरणामुळे पुढे कोणतीही अपात्रता लागू नये, आणि अपिलाची मुदत गेल्यावर त्याची कागदपत्रे नष्ट करावीत. अपवाद आहे तो सोळा वर्षांवरच्या मुलाने अतिघोर गुन्हा केला आणि त्याला प्रौढाप्रमाणे दोषी ठरवले तर. कायद्याने जे पुसायला सांगितले ते जिभेवर घोळवीत बसू नये. तेथे मुलाने काय उत्तर द्यावे हे फॉर्मातले शब्द वकिलाला दाखवून ठरवावे. ते लपवणे नव्हे. तो त्या मुलाचा हक्क आहे.

चौथी, सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग यांच्या प्रकरणात दिलेला निर्णय. तो नोकरीबद्दलचा आहे, कॉलेजातल्या प्रवेशाबद्दलचा नव्हे. पण त्यातले सूत्र सर्वांनी ध्यानात ठेवावे: पडताळणीच्या कागदात दिलेली माहिती खरी असावी, काही दडवू नये, कोवळ्या वयातला किरकोळ अपराध असेल तर नोकरी देणाऱ्याने तो दृष्टीआड करण्यास वाव आहे, मात्र सारे खरे सांगितले तरी पूर्वेतिहास तपासण्याचा त्याचा अधिकार राहतोच. म्हणजे खरे बोलले की नोकरी मिळालीच, असे मुळीच नाही.

जी.एन.एम.चा अभ्यास तीन वर्षांचा. बारावीला ४० टक्के आणि इंग्रजी विषय हवा, वय १७ ते ३५. पोरगा आता पंचविशीत, तेव्हा वयाची अडचण नाही. पण अभ्यास संपला की परिचर्या परिषदेत नाव नोंदवावे लागते, मग सरकारी नोकरीचा फॉर्म, परदेशी जायचे तर आणखी कागद. पुन्हा पुन्हा तोच प्रश्न. एक खोटे प्रत्येक ठिकाणी नव्याने लिहावे लागते. म्हणून वकीलसाहेबांचा सल्ला असा की फी भरण्यापूर्वीच कॉलेजला आणि परिषदेला लेखी विचारून घ्यावे. तीन वर्षे आणि बापाची जमीन घालवून मग नकार ऐकण्यापेक्षा आधी ऐकलेला बरा.

एक कडू गोष्टही लिहितो. काही अपराध असे आहेत की त्यानंतर रोग्याच्या खाटेजवळची जागा मागूच नये. ज्याने लेकराला, बाईला किंवा लुळ्यापांगळ्याला नासवले, त्याने पश्चात्ताप करावा, नाम घ्यावे, रस्ते झाडावे, दगड फोडावे. पण गुंगीत पडलेला परका देह त्याच्या हाती देऊ नये. देव क्षमा करील. खाटेवरच्याला मात्र उठून पळता येत नाही. फॉर्मातला रकाना त्याच्यासाठी आहे, त्याचा राग धरू नये.

पण रकान्यात 'होय' दिसताच फॉर्म बाजूला सारणाऱ्यांशीही आम्हाला बोलायचे आहे. १९३९ साली औंध संस्थानात, आटपाडीजवळ, राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन यांनी कैद्यांची खुली वसाहत वसवली. स्वतंत्रपूर तिचे नाव. भोवती तुरुंगाची भिंत नाही. कैद्यांनी शेती करावी, कुटुंबासह राहावे. १९५७ साली शांतारामबापूंनी 'दो आँखें बारह हाथ' काढला तो ह्याच प्रयोगावरून, कथा ग. दि. माडगूळकरांची. आटपाडी काही पंढरपूरपासून फार लांब नाही. तिथे खुनाच्या कैद्यांवर विश्वास टाकणारी माणसे निघाली. आणि आपण? वाल्मीकीच्या कीर्तनाला डोळे पुसतो, आणि गावातले पोर तुरुंगाच्या दारातून परतले की लग्नापासून दुकानाच्या उधारीपर्यंत सारे बंद करतो. आमच्याच गावात आम्ही हे पाहिले आहे, आणि बोललो नाही.

असो. माउलीचे पत्र परवा आले, कोणाकडून तरी लिहून घेतलेले. पोराने 'होय' लिहिले, निकालाची नक्कल आणि पावती जोडली. पहिल्या कॉलेजाने कारण न देता फॉर्म परत केला. पोरगा दोन दिवस जेवला नाही. दुसऱ्या कॉलेजात मायलेकांना बोलावून तासभर विचारपूस झाली. प्राचार्यबाईंनी त्यांच्यासमोरच मोटारवाल्या शेतकऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "चोरी केली हे खरं. फेडली हेबी खरं." मग बाईंनी पोराला विचारले, "उद्या औषधांच्या कपाटाची चावी हातात आली तर?" तो म्हणाला, "एकट्याला देऊ नका. दुसऱ्यासमोर मोजून द्या, दुसऱ्यासमोर मोजून घ्या." बाई हसल्या. वॉर्डात जोखमीच्या औषधांचा चार्ज तसाच देतात, म्हणाल्या.

प्रवेश झाला आहे. येत्या आषाढीला परीक्षा असल्याने त्याला वारी घडणार नाही. त्याने आपला टाळ आईजवळ दिला आहे, आणि सिस्टरना विचारले आहे की फोडांच्या पट्ट्या यंदा किती लागतील.