सिस्टरचा केस पेपर

वॉर्डातल्या कपाटातलं पेथिडीन हे नशा आणणारं वेदनाशामक आणि रजिस्टरमधली नोंद जुळेनाशी झाली, तर खासगी रुग्णालयाला पोलिसांत जायची हौस नसते. नाव खराब होतं, शिवाय परवान्याची चौकशी मागे लागते. त्यापेक्षा ते चोरून टोचून घेणाऱ्या सिस्टरकडून राजीनामा लिहून घ्यायचा, अनुभवाचा दाखला द्यायचा आणि विषय मिटवायचा हे सोपं. दाखल्यावर वागणूक ‘समाधानकारक’. नाशिकच्या गंगापूर रोडवरून ती पंचवटीतल्या दुसऱ्या रुग्णालयात रुजू होते आणि तिथल्या कपाटाची किल्ली तिच्या हाती येते.

म्हणजे आपल्याकडे गुप्तता आहेच. फक्त ती रुग्णालयाच्या अब्रूची आहे. रुग्णाला तिचा उपयोग नाही आणि सिस्टरच्या व्यसनावर उपचारही होत नाहीत.

अशी गुप्तता कुठवर जाते, ते अमेरिकेत दिसलं. डेव्हिड क्वियाटकोव्स्की हा रुग्णालयातला तंत्रज्ञ फेंटानिल या वेदनाशामकाच्या सिरिंज चोरून स्वतः टोचून घेई. ॲरिझोनात पकडला गेला, नोकरी गेली, तरी पुढच्या राज्यांत त्याला काम मिळत राहिलं. त्याने वापरून परत ठेवलेल्या सिरिंजांतून अनेक रुग्णांना हेपटायटिस सी झाला. २०१३ मध्ये त्याला ३९ वर्षांची शिक्षा झाली. व्यसनी कर्मचाऱ्याची माहिती झाकायला विरोध करणाऱ्यांचा हा सर्वांत भक्कम दाखला आहे आणि तो डावलता येत नाही. पण त्याची कुठलीही उपचाराची फाइल कुणी जपून ठेवली नव्हती. त्याला नुसतं पुढे ढकललं होतं.

कॅलिफोर्नियात परिचारिकांसाठी १९८०च्या दशकापासून वेगळी वाट आहे. व्यसनी परिचारिकेला शिस्तभंगाच्या कारवाईऐवजी उपचार, देखरेख आणि अधूनमधून लघवीची तपासणी. तिची नोंद गोपनीय राहते आणि कार्यक्रम नीट पुरा झाला तर ती नष्टही करता येते.

आपल्याकडे असा कार्यक्रम नाही, कायद्याचे तुकडे मात्र आहेत. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू-अमली पदार्थांमुळे येणाऱ्या मानसिक अवस्था आजारात धरल्या. त्याच्या कलम २३ नुसार उपचाराची माहिती गोपनीय, पण दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून ती आवश्यक तेवढी उघड करता येते. अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याचं कलम ६४ अ सांगतं की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातल्या अमली पदार्थाचा आरोप असलेल्या व्यसनीने स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले, तर त्याच्यावर खटला नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकतं. वॉर्डातून औषध चोरल्याचा प्रश्न वेगळा उरतोच.

कागदावरचं हे संरक्षण ओपीडीच्या खिडकीपाशी संपतं. सरकारी रुग्णालयात केस पेपर काढायचा म्हणजे नाव-पत्ता सांगायचा, आणि खिडकीपलीकडे बसलेला माणूस सिस्टरला ओळखतो. ती पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात जाईल, कारण गाव बदलणं एवढीच गोपनीयता तिच्या हातात आहे. पण तेवढ्या दिवसांच्या रजेसाठी वैद्यकीय दाखला लागतो आणि त्यावर आजाराचं नाव असतं. मग ती जातच नाही.

म्हणून आपल्याकडे असा कार्यक्रम सुरू करायचा तर नोंद कुणाकडे असावी, हा मला सगळ्यात कळीचा प्रश्न वाटतो. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नको. नोंदणी रद्द करण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्यापुढे स्वतःहून कबुली द्यायला कोण जाईल? मालकाकडे तर नकोच. नाशिकमध्येच दिंडोरी रोडवर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांच्या नर्सिंग पदवीच्या परीक्षा तेच घेतं. तिथे परिषदेपासून अलग एक कक्ष असावा. मालकाला त्याने एवढंच कळवावं की या सिस्टरला तूर्त औषधाच्या कपाटाची किल्ली देऊ नका. निदान सांगू नये. तपासणीत पुन्हा नशा सापडली किंवा रुग्णाला इजा झाली, तर फाइल परिषदेकडे जावी, आणि ही अट तिला पहिल्याच दिवशी वाचून दाखवावी. कार्यक्रम संपताच कागद जाळण्याला मात्र माझा विरोध आहे. व्यसन उलटतं, पाच वर्षं तरी ते मोहोरबंद राहू द्यावेत.