आईवडिलांच्या घरातील भाडेकरू

अमेरिकेत १९७२ साली संमत झालेल्या आणि जानेवारी १९७४ पासून अमलात आलेल्या ‘सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम’ या योजनेनुसार वृद्ध, अंध आणि अपंग अशा अल्प उत्पन्नाच्या व्यक्तींना केंद्र सरकारकडून दरमहा निर्वाहभत्ता मिळतो. अपंग मूल अज्ञान असेपर्यंत आईवडिलांच्या मिळकतीचा काही भाग त्याचाच धरला जातो, पण त्याला अठरा वर्षे पूर्ण झाली की हा हिशेब थांबतो आणि केवळ त्याची स्वतःची मिळकत व मालमत्ता पाहिली जाते. महाराष्ट्रातील संजय गांधी निराधार अनुदान योजना कुटुंबाचे उत्पन्न पाहते; त्या तुलनेत अमेरिकी कायदा प्रौढ अपंगाला कुटुंबापासून वेगळी व्यक्ती मानण्यात बराच पुढे गेला आहे, असे प्रथमदर्शनी वाटते.

तथापि आईवडिलांचा पगार हिशेबातून वगळणाऱ्या या कायद्याने त्यांनी दिलेला निवारा वगळलेला नाही. फुकट राहायला मिळणे हेही एक प्रकारचे उत्पन्नच होय, या गृहीतकावर ‘वस्तुरूप साहाय्य’ ही संकल्पना उभी आहे. निवारा आणि सगळे जेवण ज्याला दुसऱ्याच्या घरातून मिळते, त्याचा भत्ता सरसकट एक तृतीयांशाने कापला जातो, कारण घरोघर जाऊन अशा मदतीची किंमत ठरवत बसणे प्रशासनाला झेपणारे नव्हते. २०२५ साली पूर्ण भत्ता ९६७ डॉलर होता. कपातीनंतर त्यातले सुमारे ६४५ उरत, म्हणजे वर्षाला ३,८६८ डॉलरांची घट होई. स्वतःचे काही जेवण स्वतः विकत घेणाऱ्याच्या बाबतीत निवाऱ्याची प्रत्यक्ष किंमत विचारात घेतली जाते, पण तिलाही भत्त्याचा एक तृतीयांश अधिक वीस डॉलर अशी कमाल मर्यादा आहे.

ही कपात टाळायची तर घरखर्चातला आपला वाटा उचलावा लागतो. तिघांच्या घरात कर्जाचा हप्ता, मालमत्ता कर, वीज, गॅस, पाणी, सांडपाणी आणि कचरा मिळून दरमहा १,५०० डॉलर खर्च होत असतील, तर प्रत्येकाचा वाटा ५०० डॉलर होतो. दूरध्वनीचे बिल या यादीत बसत नाही. घराचा विमा बसतो, पण कर्ज देणाऱ्या संस्थेने तो सक्तीचा केला असेल तरच. हप्ते फिटलेल्या घरात हा वाटा आपोआप उतरतो, उलट महागड्या शहरात भाड्याने राहणाऱ्या गरीब कुटुंबात तो अख्ख्या भत्त्यालाही गिळू शकतो. थोडक्यात, ज्याच्याकडे स्वतःचे घर आहे त्यालाच नियम सोपा जातो. ३० सप्टेंबर २०२४ पासून अन्नाची किंमत उत्पन्नात धरणे बंद झाले आणि वर सांगितलेल्या कमाल मर्यादेइतके भाडे, म्हणजे २०२५ च्या दराने सुमारे ३४२ डॉलर, दिले तरी तो खरा व्यवहार मानण्याची सवलत, जी तोवर केवळ सात राज्यांत होती, देशभर लागू झाली.

बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाचा भत्ता पुष्कळदा आईच ‘प्रतिनिधी’ म्हणून स्वीकारते, म्हणजे त्याच्या खात्यातून भाडे देणारी तीच आणि घेणारीही तीच. पैसा उंबरठ्याबाहेर पडत नाही, तरी कागद मात्र चोख लागतो. पोटच्या मुलाकडून भाडे घेण्याची कल्पना अमेरिकेतल्या मराठी आईवडिलांना अशोभनीय वाटली तर नवल नाही, आणि या संकोचाची किंमत मुलाच्या भत्त्यातून वसूल होते. मायेला बाजारभावाने मोजणारा हा नियम मुळातच सदोष आहे. तरीही भाडे देणारा मुलगा त्या घरात आश्रित न राहता हक्काचा रहिवासी ठरतो, हा या नियमाचा अनपेक्षित परिणाम कमी मोलाचा नाही. ब्रिटनमध्ये अशा भाड्याला सरकारी आधार नाही, कारण तेथील ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ ही भत्तायोजना एकाच छपराखालच्या जवळच्या नातेवाइकाला दिलेल्या भाड्यासाठी गृहसाहाय्य देत नाही.

कपात टळून पूर्ण भत्ता हाती आला, तरी तो साठवून पुढे वेगळे बिऱ्हाड थाटण्याची वाट अरुंदच आहे, कारण एकट्या व्यक्तीने जवळ बाळगायच्या रकमेची मर्यादा १९८९ पासून २,००० डॉलरांवरच थांबलेली आहे. २०१४ च्या कायद्याने सुरू झालेल्या, अपंगांसाठीच्या ‘एबल’ बचत खात्यातील एक लाख डॉलरांपर्यंतची रक्कम या मर्यादेत धरली जात नाही आणि तिच्यातून घरभाडेही देता येते. पण ज्याचा भत्ता महिन्याच्या खर्चातच संपतो, त्याच्या खात्यात भर घालायची ती पुन्हा आईवडिलांनीच.